सत्तरच्या बंदुकीत शहात्तरचं काडतूस

पास्कलकाका,

तुमच्या पलंगाखाली पुठ्ठ्याचे अकरा कोल्हे सापडले. दोह्यात, फरीज बिन ओमरानच्या आपल्या कंपनी फ्लॅटमध्ये तुमच्या जागी नवीन माणूस येणार म्हणून मी खोली आवरायला घेतली, तर आधी एक शेपूट बाहेर आलं आणि मागोमाग सगळी फौजच. सगळे खऱ्या मापाचे, काळ्या मार्करनं काढलेले, आणि प्रत्येकाच्या आत निळ्या पेनानं काढलेला दुसरा, बारका कोल्हा. शेजारच्या खोलीतला नेपाळी ड्रायव्हर दारातून बघत होता. त्यानं विचारलं, हे कसली पूजा करायचे? मी म्हटलं, पूजा नाही, अभ्यास करायचे.

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. जन्म कधीचा, वसईतलं गाव कुठलं, मागे कोण कोण, हे सगळं तुमच्या चर्चच्या मंडळींनी व्यवस्थित छापलंय. फोटोही टाय घातलेला निवडलाय. तो टाय मी तुमच्या गळ्यात कधी पाहिला नव्हता. मला आठवता ते तुम्ही शिकारीच्या सामानाच्या दुकानात, काडतुसांच्या काउंटरमागे, चष्मा कपाळावर चढवून गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेणारे. अजून सकाळी डबा भरताना मी दोन चमचे काढतो आणि एक परत ठेवतो. तुमची फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. मी दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर दुकानाचं स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवायला आलो होतो आणि काडतुसांचे बॉक्स मोजता मोजता मला मतं फुटली. दापोलीला माझ्या मामाकडे शेतसंरक्षणाची बारा बोअरची बंदूक होती. तिच्यातून मी जन्मात एकदा, एका शहाळ्यावर बार टाकला होता. शहाळ्याला काही झालं नाही, खांदा मात्र चार दिवस दुखत होता. पण हे तुम्हाला कुठं माहीत होतं? मी ऐटीत सांगितलं की जनावर कुठलंही असो, छर्रा मोठा हवा, एक लागला तरी काम खलास. तुम्ही चष्मा कपाळावरून नाकावर आणलात, मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "या, शिकारी." त्या दिवसापासून अख्ख्या दुकानात माझं नाव शिकारी पडलं. मालक बू राशिदसुद्धा मला त्याच नावानं ओळखतात. माझं खरं नाव सुहास आहे हे बहुधा फक्त व्हिसावर आणि आईच्या फोनवर उरलंय.

सुरुवातीला मी तुम्हाला अंकल म्हणायचो. तुम्ही म्हणालात, अंकल इंग्रजी शाळेतल्या पोरांसाठी, तू काका म्हण. वसईच्या घरी फोन लावलात की तुमची कादोडी बोली सुरू व्हायची आणि मला त्यातलं अर्धंच कळायचं. माझ्याशी मात्र तुम्ही शाळामास्तरासारखं मराठी बोलायचात, विशेषतः मला मूर्ख ठरवायचं असेल तेव्हा.

तुमचं म्हणणं असं, की कोल्हा दिसतो तेवढा नसतो. अर्धा कोल्हा म्हणजे नुसते केस आणि शेपूट. आतला निळा कोल्हा तेवढा खरा, आणि त्यातही काळीज-फुफ्फुसं नारळाएवढ्या जागेत. छर्रा जितका मोठा, तितके काडतुसात मावतात कमी. माझे आवडते मोठे गोळे एका काडतुसात नऊ. पस्तीस पावलांवर ते नऊ पांगले की कोल्हा मधून सलाम करून निघून जातो. उलट पाखरांसाठीचे बारीक छर्रे घेतले तर ते केसांत आणि कातडीत अडकतात, आणि जनावर जखमी होऊन कुठंतरी झुडपात दोन दिवस मरत राहतं. एवढं बोलताना तुमचा आवाज बदलायचा. म्हणून मधले घ्यायचे, बीबी नावाचे, काडतुसात साठेक येणारे. तेही डोळे झाकून नाही. नळीचं तोंड किती आवळलेलं आहे त्यावर प्रत्येक बंदूक तेच काडतूस वेगवेगळं फेकते. त्यामुळे हिवाळ्यात परदेशी शिकारीला निघालेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही दोन प्रकारची थोडी थोडी काडतुसं द्यायचात आणि वर एक पुठ्ठ्याचा कोल्हा. रेंजवर जा, पस्तीस पावलांवरून मार, पुठ्ठा मला आणून दाखव. निळ्या कोल्ह्यात भोकं किती ते मोजल्याशिवाय पुढचा बॉक्स मिळायचा नाही. ज्यांना आयुष्यात कुणी थांब म्हटलं नव्हतं अशी माणसं चाळण झालेला पुठ्ठा काखोटीला मारून तुमच्यापुढे उभी राहायची. तुम्ही बोट ठेवून भोकं मोजायचात आणि ती श्वास धरून बघायची.

मला हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. मी म्हणायचो, काका, मोठ्या छर्ऱ्याचा दणका तर बघा. तुम्ही म्हणायचात, दणका तुझ्या खांद्याला, कोल्ह्याला काय मिळालं ते सांग. हा वाद जेवताना व्हायचा, सुके बोंबील परतताना व्हायचा, बस उशिरा आली की तिथंही व्हायचा.

आता त्या गोष्टीकडे येतो. ती टाळून तुमच्यावर लिहायचा मी तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही.

चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही आठवड्याभरासाठी वसईला गेलात आणि काउंटर माझ्यावर सोपवलंत. जाताना एकच वाक्य तीनदा सांगितलंत, आधी बंदूक विचार, मग काडतूस दे. तिसऱ्या दिवशी पार उत्तर किनाऱ्यावरच्या मदिनत अश शमालकडचे बू नासर आले. साठीचे गृहस्थ, मळ्यावर कबुतरं आणि कोंबड्या पाळलेल्या, कोल्हा रोज एक उचलत होता. परवाना, परवानगी, सगळे कागद बरोबर होते. ते मी दोनदा तपासले, कारण कागद तपासणं मला येतं. बंदूक त्यांच्या वडिलांची जुनी दुनळी होती, तेवढं त्यांनीच सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे लांब, जास्त भरलेल्या काडतुसांचे बॉक्स पडून होते, माझं सॉफ्टवेअर त्यांच्यापुढे रोज लाल खूण दाखवत होतं. दारू जास्त, छर्रे मोठे, म्हाताऱ्याचा कोल्हा एका बारात गार. मी तीन बॉक्स दिले आणि स्वतःवर खूश झालो.

गुरुवारी संध्याकाळी तुम्ही परत आलात. बॅग उघडता उघडता विचारलंत, काय काय गेलं? मी फुशारकीनं सांगितलं.

"बंदूक कुठली?"

जुनी दुनळी, मी म्हटलं.

"आकडा?"

तो मी विचारलाच नव्हता. तुम्ही हातातली घडी घातलेली लुंगी तशीच पलंगावर ठेवलीत. बंदूक मधोमध मोडून उघडली की नळ्यांच्या खाली कोरलेला दिसतो तो आकडा, हे मला माहीत होतं. जुन्या दुनळीवर बहुधा सत्तर असतो हेही माहीत होतं. मी विकलेल्या बॉक्सवर शहात्तर लिहिलेलं होतं. मी पुटपुटलो, सहा मिलिमीटरनी काय होतंय? लांब असेल तर आत बसणारच नाही ना? तुम्ही शांतपणे म्हणालात, "बसतं. तीच तर पंचाईत आहे." मग सगळं समजावलंत. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते आखूड दिसतं आणि सुखानं आत जातं. उडताना ते तोंड उलगडतं आणि त्याला जागा नसते. पुढे वाट अडते, मागे दाब वाढतो, आणि वडिलांच्या वेळची बंदूक ते सोसेल की नाही हे कुणी सांगावं. बू नासर फोन उचलत नव्हते. तुम्ही सात वेळा लावलात.

शुक्रवारी पहाटेच आपण निघालो. इथं तुमचा रविवार शुक्रवारी असायचा. मी तुम्हाला पाहिलंय त्या सगळ्या वर्षांत तुमची मिस्सा चुकली ती फक्त त्या दिवशी. गाडीत तुम्ही एक शब्द मला बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात मामाच्या गावच्या देवाला नारळ बोललो. तुम्ही तुमच्या देवाशी काय ठरवत होता ठाऊक नाही, पण ओठ हलत होते.

बू नासर मळ्यावर कबुतरांना दाणे टाकत उभे होते. दोन्ही हात, दोन्ही डोळे शाबूत. मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात त्यांनी आपल्याला मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत बसवलं आणि काहवा आला. आणि पाहुण्यानं कॉफी घेतल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं. तुम्ही एक घोट घेऊन कप किंचित हलवलात, म्हणजे पुरे. मी घाबरलेला, मला कप हलवायचं भानच राहिलं नाही. मी संपवायचो, ते भरायचे. मी पुन्हा संपवायचो, ते पुन्हा भरायचे. आलेल्या पाहुण्याचं पिणं होईपर्यंत यजमान थांबणार, आणि यजमान थांबलेत तोवर तुम्ही थांबणार. सहाव्या कपाला तुम्ही माझं मनगट धरून तो कप स्वतःच हलवलात. बू नासर एवढे हसले की त्यांच्या डोक्यावरचा घुत्रा सरकला. मग तुम्ही विचारलंत, काडतुसं कुठं आहेत?

दोन त्यांच्या खिशात होती. त्याच दुपारी ते निघणार होते.

तुम्ही ती दोन हातात घेतलीत, पुसलीत आणि बॉक्समध्ये ठेवलीत. त्यानंतरचं तुमचं रूप मी विसरणार नाही. गाडीच्या डिकीतून सत्तरची काडतुसं आणि पुठ्ठ्याचे दोन कोल्हे काढलेत, मळ्यामागच्या मोकळ्या रेताडात पस्तीस पावलं मोजलीत आणि बू नासरना बार टाकायला लावलंत. एका कोल्ह्यावर तुमचे बीबी. दुसऱ्यावर, खास माझ्यासाठी आणलेलं, माझ्या लाडक्या नऊ गोळ्यांचं काडतूस. तुमच्या निळ्या कोल्ह्यात अकरा भोकं. माझ्या कोल्ह्यात दोन, त्यातलं एक शेपटाला. "बाकीचे सात बहरीनला गेले," तुम्ही म्हणालात. गाडीत बसल्यापासून माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी आजही म्हणतो की पस्तीस पावलं जास्त होती, वीसवर घेतलं असतंत तर निकाल वेगळा लागला असता. ते आता राहूनच गेलं.

आणि एवढं करून तुम्ही बू नासरना सांगितलंत काय? आधी खुराड्याची जाळी जमिनीत फूटभर पुरा, कोल्हा खालून उकरून येतोय. काडतूस शेवटी. त्यांनी जाळी पुरली, कोंबड्या वाचल्या, आणि तुम्ही ठेवून आलेला सत्तरचा बॉक्स त्यांच्याकडे अजून न फोडलेला आहे. धंदा असा करतात का काका?

निघताना बू नासर म्हणाले होते, एक बार तुम्हीही टाका. तुम्ही खांदा दुखतो म्हणालात. परतीच्या रस्त्यावर मी त्या खांद्याची चौकशी केली, तर तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत, "मी जन्मात एक बार उडवलेला नाही. आवाज सहन होत नाही मला." मला गाडी कडेला घ्यावीशी वाटली. अर्ध्या दोह्याचे शिकारी ज्याच्या शब्दावर चालायचे, तो माणूस दिवाळीत कानात बोटं घालणारा निघाला. सगळं ज्ञान लोकांनी आणून दाखवलेल्या पुठ्ठ्यांवरून, एकेक भोक मोजून. मग मीही शहाळ्याचं सांगून टाकलं. मदिनत अश शमालपासून दोह्यापर्यंत आपण हसत आलो.

शनिवारी सगळं फिरलं. बू नासरनी कौतुकानं बू राशिदना फोन केला, तुमची माणसं काडतुसं बदलून द्यायला एवढ्या लांब आली म्हणून. बू राशिद आठवड्यातून दोनदा येतात, कोण रजेवर आणि कोण कामावर हे त्यांना माहीत नसतं. त्यांना एवढंच कळलं की आपल्या दुकानातून चुकीचं काडतूस गेलं होतं आणि माणूस मरता मरता वाचला. त्यांनी सगळ्यांना काउंटरपाशी उभं केलं आणि विचारलं, कुणी दिलं? पुढच्या आठवड्यात माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा कागद त्यांच्या टेबलावर जाणार होता. मी मूग गिळून उभा राहिलो. तुम्ही एक पाऊल पुढे झालात आणि म्हणालात, "काउंटर मेरा, गलती मेरा."

बू राशिद सगळ्यांसमोर बोलले, आणि पुष्कळ बोलले. त्याच दिवशी तुमची बदली तंबूंच्या विभागात झाली. काउंटर मला मिळालं.

दुपारी जेवताना मी तुम्हाला म्हटलं, मी सांगतो त्यांना. मला वाटलं तुम्ही म्हणाल, जाऊ दे रे, राहू दे. तसं म्हणाला असतात तर मला केवढं सोपं गेलं असतं. तुम्ही बोंबलाचा काटा काढत म्हणालात, "सांग ना. मी कुठं अडवलंय?" मी म्हटलं, कॉन्ट्रॅक्टचं एकदा होऊ दे. तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला. काम होणार नसलं की इथं ते ज्या सुरात म्हणतात, अगदी त्या सुरात.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मग म्हटलं ईद होऊ दे, मग उन्हाळा जाऊ दे. तुम्ही एकदाही आठवण दिली नाहीत, जेवायला वाढताना हात आखडता घेतला नाहीत, आणि मला शिकारी म्हणायचंही सोडलं नाहीत. तंबूत तुम्ही मजेत होता. कोल्हा काकडीला राजी, असं स्वतःच म्हणायचात. पण गिऱ्हाइकं काही सुधारली नाहीत. ती थेट तंबूंत जायची, तुमच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीत बसायची आणि तासाभरानं तुमच्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायची. सत्तर, छत्तीस ग्रॅम, बीबी, आधी पुठ्ठा. मी औषधाच्या दुकानातल्यासारखा चिठ्ठी वाचून बॉक्स काढून द्यायचो.

तो अमेरिकेला शिकायला निघालेला मुलगा आठवतो? त्याला तिथं मित्राच्या रानात कायोटी मारायला जायचं होतं. तुम्हाला कायोटी माहीत नव्हता. तुम्ही मोबाईलवर चित्र काढायला लावलंत, उंची विचारलीत, वजन विचारलंत, केस दाट किती ते विचारलंत आणि सांगितलंत, हा कोल्ह्याचा थोरला भाऊ दिसतो, बीबीपेक्षा एक-दोन पायऱ्या वरचा छर्रा लागेल. शिसं चालत नसेल तर पोलादाचा अजून एक-दोन पायऱ्या मोठा, कारण तो हलका, आणि मग नळीचं तोंड फार आवळलेलं नको. पण बाबा, तिथल्या दुकानात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल, शेवटी त्याला विचार. दोन महिन्यांनी त्यानं भोकं पडलेल्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. तुम्ही तो मला पाच वेळा दाखवलात.

हे सगळं आठवून मी हसतो आणि मग बू राशिदचं वाक्य आठवतं. तुम्ही गेलात तेव्हा दुकानात जो तो तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता, आणि बू राशिद म्हणाले, एकच चूक केली त्यानं इतक्या वर्षांत. एकच. ते तुमच्या नावावर तसंच राहणार होतं, कायमचं, आणि ते पुसू शकणारा माणूस काउंटरमागे उभा राहून शांतपणे बॉक्स लावत होता.

काल दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं, कॉन्ट्रॅक्टच्या कागदासकट. मला वाटलं ओरडतील, तिकीट काढून देतील. ते म्हणाले, "मैं सबके सामने बोला था उसको. अब सॉरी किसको बोलूँ मैं?" आपल्या गप्प बसण्यानं तुमचं नुकसान झालं एवढाच हिशोब मी मांडला होता. त्यांचंही झालं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग ते म्हणाले, तू लिहितोस ना, मग लिही त्याला. म्हणून हे लिहितोय. तर काका, बू राशिदनी तुम्हाला सॉरी सांगितलंय. दोनदा म्हणाले, म्हणून दोनदा वाचा.

आज सकाळी त्यांनी सगळ्यांना पुन्हा काउंटरपाशी उभं केलं आणि जेवढ्या मोठ्यानं तेव्हा बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, वो गलती पास्कल का नहीं था, शिकारी का था. उद्यापासून मी तंबूत. मी मान खाली घालून उभा होतो, आता हे लोक माझ्याशी बोलणं टाकणार याची वाट बघत. मान वर केली, तर कॅशवरचा कुट्टी चक्क हसत होता.

"हमको मालूम था," तो म्हणाला. "वो दिन पास्कल किधर था इधर? वसई में था. आके सबको सुकेळी दिया, वो सूखा केला, हम खाया."

म्हणजे बू राशिद सोडून सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चौदा महिने ही माणसं माझ्यासोबत चहा पीत होती. मी विचारलं, मग कुणी बोललं का नाही? कुट्टी म्हणाला, पास्कलनं सांगितलं होतं. म्हणाले होते, कुणी काही बोलू नका, शिकारी खुद बोलेगा, रुको.

चूक माझी होती, काका. तुमच्या एका शब्दावर सगळे थांबले. तेवढे तुम्हीच थांबला नाहीत.